धरला

धाकट्याची पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढत होता. तरी सगळ्या गोदीत तो धाकटाच होता, कारण थोरलाही त्याच गोदीत होता. पुढे थोरला गेला. तरीही धाकटा धाकटाच राहिला. आता तो नेमका कुणाचा धाकटा, असा प्रश्न गोदीत कुणाला पडला नाही. आणि त्याला स्वतःला पडला, तो त्यानं कुणाला विचारला नाही.

दोघा भावांचं काम डोलकाठ्यांचं. धक्क्याला हौशी लोकांच्या शिडाच्या होड्या ओळीनं बांधलेल्या असत. या होड्या समुद्रात जाण्यासाठी नव्हत्या, समुद्राशेजारी असण्यासाठी होत्या. मालक सुट्टीच्या दिवशी येत, होडीत बसून चहा पीत, आज वारा झकास आहे असं एकमेकांना सांगत आणि तो वारा तिथेच ठेवून घरी जात. पण वापरली नाही म्हणून होडी खराब व्हायची राहत नाही. उन्हानं दोर कुजतात, खाऱ्या हवेनं कप्प्या गंजून अडकतात, काठीच्या टोकाचा दिवा जातो. मग कुणीतरी वर चढावं लागतं. वर चढायचा धाकटा, आणि खाली दोर घेऊन उभा राहायचा थोरला.

पद्धत जुनी होती. धाकट्याच्या कमरेला आणि मांड्यांना रुंद पट्टा, पट्ट्याला दोर. तो दोर काठीच्या टोकावरच्या कप्पीतून फिरून परत खाली थोरल्याच्या हातात. धाकटा काठीला ठोकलेल्या पायऱ्यांवरून चढत जाई, तसा थोरला ढिला दोर खालून ओढून घेई. कामाच्या जागी पोचलं की धाकटा दोन्ही हातांनी काठीला मिठी मारून थांबे. मग थोरला होडीवरच्या लोखंडी खुंट्याला दोराचे वेढे देई, दोर ताणून घेई आणि खाकरून म्हणे, "धरला!" हा शब्द आला की धाकट्यानं हात सोडायचे, पट्ट्यात बसायचं आणि पान्हा काढायचा. त्याआधी नाही.

आणि खाली बघायचं नाही. खाली होडी वीतभर हलली तरी वरची काठी हातभर डुलते, त्यात मान वाकवली की पोटातलं सगळं तोंडाशी येतं, हे एक कारण. दुसरं कारण थोरल्याचं होतं. "मी धरला म्हणतो आणि तू वाकून बघतोस. म्हणजे मी काय खोटं बोलतोय?" असं तो पहिल्या वर्षी एकदा म्हणाला होता. त्यानंतर धाकट्यानं कधी खाली बघितलं नाही. तोंड काठीकडे, पाठ जगाकडे, आणि बाकीचा जीव एका शब्दावर.

"लग्नातसुद्धा माणसं एवढा भरवसा टाकत नाहीत," वहिनी म्हणायची. ती थोरल्याची बायको असल्यामुळे तिचा या विषयाचा अभ्यास होता. धाकट्यानं लग्न केलं नव्हतं. का नाही, असं विचारलं तर "राहून गेलं" म्हणायचा, जसं कुणी पत्र्याला रंग लावायचं राहून गेलं म्हणतं.

वहिनीही गोदीतलीच. धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचं शिडं शिवायचं मशीन होतं. शिडाचं कापड असं चिवट असतं, की दिवसभर ते ओढूनओढून तिचे हात पहिलवानासारखे झाले होते. शेडचं दार कायम उघडं असे, कारण ते नीट लागतच नव्हतं. धक्क्यावर कुणी शिंकलं तर आतून ती "बरं होतंय की नाही तुमचं?" असं विचारी.

थोरला गेला तो कामावरच. सकाळ होती, ऊन स्वच्छ पडलं होतं, निळ्या होडीच्या शिडाची वरची कप्पी बदलायची होती. धाकटा वर पोचला, मिठी मारून थांबला, खालून "धरला" आलं, तो बसला. मग त्यानं नेहमीसारखी बडबड सुरू केली. जमिनीवर मुखदुर्बळ असलेला हा माणूस वर गेला की भाषण करायचा, आणि थोरला त्यातल्या निम्म्या गोष्टींना उत्तर द्यायचा नाही. त्यामुळे त्या दिवशी उत्तर आलं नाही याचं त्याला काही वाटलं नाही. कप्पीचा खिळा गंजलाय, हे त्यानं सांगितलं. घराच्या छपराचा विषय काढला. छप्पर गळतंय आणि थोरला दर वर्षी नुसतं "बघू" म्हणतो, यावरून त्यानं त्याला चांगलं फैलावर घेतलं. थोरला मुकाट्यानं ऐकून घेतोय म्हटल्यावर त्याला आणखी चेव आला. मागची दोन-तीन प्रकरणंही त्यानं त्याच बैठकीत निकालात काढली.

काम झाल्यावर तो म्हणाला, "सोड." दोर हलला नाही. "अरे सोड की!" तरी नाही. "झोपलास का काय?"

आरडाओरडा ऐकून वहिनी शेडमधून बाहेर आली. थोरला खुंट्याला पाठ लावून बसला होता, टोपी डोळ्यांवर आली होती. ती जवळ गेली. वाकून तिनं टोपी वर सारली.

"हलू नका, भावजी," ती म्हणाली. "मी सोडते दोर."

"दादा झोपलाय?"

"हो," वहिनी म्हणाली.

आणि मग तिनं धाकट्याला हात-हात दोर सोडत अगदी सावकाश खाली उतरवलं. सगळ्यात आधी तिला तेच करावं लागलं, कारण जिवंत माणूस वर होता. नवऱ्याकडे नीट बघायची पाळी नंतर आली.

पण दोर सोडण्याआधी तिला एक कुलूप काढावं लागलं होतं. खुंट्यावर वेढे दिल्यावर शेवटचा वेढा उलटा पिळून घातला की दोर वरच्या वजनाखाली स्वतःच आवळून बसतो, हात काढून घेतला तरी सुटत नाही. याला गोदीत कुलूप म्हणतात. थोरल्याला कुलुपाचा मनस्वी राग. वर माणूस असताना दोर हातात हवा, वेढ्यांवर हात हवा, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या कुणी कुलूप घातलेलं दिसलं की, "दोर धरायचा नसेल तर घरी जा ना, कुलुपं कसली घालतोस?" म्हणून तो चारचौघांत माणसाची सालं काढायचा. त्या दिवशी निळ्या होडीच्या खुंट्यावर त्याच्या हातचं कुलूप होतं. नीटनेटकं, आवळून बसलेलं.

म्हणजे त्याला कळलं होतं. छातीत जे काही झालं ते आणि शेवट यांच्यात थोडी फट होती, आणि त्या फटीत त्यानं कुलूप घातलं होतं.

धाकट्याला हे समजलं तेव्हा त्याला रडू फुटलं. वहिनीला फुटलं नाही. तिनं शिडाची घडी घालताघालता एकदाच म्हटलं, "कुलूप घालायला वेळ मिळाला ह्यांना. मला एक हाक मारायला नाही मिळाला." त्या सकाळीही शेडचं दार उघडंच होतं. मशीनही तेव्हा बंदच होतं, ती सुईत दोरा ओवत होती. धाकट्यानं छपराकडे बघितलं.

होडीवाल्यांच्या मंडळाचा चिटणीस सोनेरी नांगर असलेली टोपी घालायचा, म्हणून गोदी त्याला कप्तान म्हणे. तो गोदीच्या बंधाऱ्यापलीकडे समुद्रात गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यानं एक समिती नेमली. मृत्यूचा मंडळाच्या कोणत्याही साहित्याशी संबंध नाही, असा निष्कर्ष समितीनं काढला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. शिवाय, "धरला" यासारख्या अनौपचारिक शब्दांवर विसंबून न राहता आधुनिक साधनं वापरावीत, अशी सूचना करून दोन वायरलेस संच घेऊन दिले. पहिल्याच दिवशी धाकटा काठीवर असताना त्याच्या खिशातून एक टॅक्सीवाला बोलू लागला. तो कुठल्यातरी दवाखान्याचा पत्ता विचारत होता. धाकट्याला पत्ता माहीत होता म्हणून त्यानं सांगितला. संध्याकाळी दोन्ही संच कप्तानाच्या टेबलावर परत गेले.

दोर धरायला रोजावर माणूस मिळाला. धाकटा त्याच्याबरोबर पहिल्यांदा चढला, तेव्हा वर पोचल्यावर नेहमीसारखी मिठी मारून थांबला. खालून खाकरल्याचा आवाज आला. मग, "धरला!"

धाकट्यानं हात सोडले, बसला, पान्हा काढला. आणि मग त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. कारण आत्ता कुठे खालून दुसराच आवाज आला होता: "ओके, काका!"

खाली उतरल्यावर रोजाचा माणूस म्हणाला, "काका, तुम्ही डेंजर आहात. माझा एक वेढासुद्धा झाला नव्हता आणि तुम्ही बसलात."

"सवय," धाकटा म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. आवाज खालून डावीकडून यायचा, थोरला उभा राहायचा तिथून. खाकरणं तेच, पहिल्या अक्षरावरचा जोर तोच. धाकटा सुशिक्षित नव्हता पण वेडाही नव्हता. मेलेला माणूस दोर धरू शकत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वर चढताना ठाऊक होतं, उतरताना ठाऊक होतं. फक्त मधे, काठीला मिठी मारून थांबलं आणि तो शब्द आला, की हात आपोआप सुटायचे. हातांना कुणी कळवलंच नव्हतं. आणखी खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला फार बरं वाटायचं. दिवसभरात तेवढाच एक क्षण असा, की तो पुन्हा कुणाचातरी धाकटा असायचा.

रोजाचा माणूस आठवडाभरात सोडून गेला. "हा माणूस एक दिवस मरणार," तो चहाच्या टपरीवर म्हणाला, "आणि नाव माझं होणार." दुसरा आला, तो धाकट्याला वर ठेवून फोनवर सासऱ्याशी भांडला. मग वहिनी मशीनवरून उठली, हाताला लागलेलं तेल पुसलं आणि म्हणाली, "द्या इकडे. निदान मला सासरा नाही आता."

वहिनी दोर चांगला धरायची, थोरल्यापेक्षाही घट्ट. पण तिची नजर मशीनच्या सुईवर तयार झालेली होती, तिला धाग्याचा फरक कळायचा. चार-सहा चढाया झाल्यावर एका दुपारी शेडमध्ये डबा खाताना तिनं विचारलं, "भावजी, तुम्ही माझ्या बोलण्याआधी हात का सोडता?"

"नाही सोडत."

"आज दोर अजून माझ्या हातात लोंबत होता. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बसलात. धावून दोन वेढे टाकले म्हणून बरं. नाहीतर आज संध्याकाळी कप्तानानं अजून एक समिती नेमली असती."

धाकटा पोळी चावत राहिला. ती वाट बघत राहिली. वाट बघण्यात तिचा हात धरणारं गोदीत कुणी नव्हतं.

"दादा म्हणतो," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"धरला, असं. तुमच्या आधी म्हणतो. मला वाटतं तुम्हीच म्हणालात. म्हणजे, तसं वाटत नाही. पण हात सुटतात."

आता वहिनी ओरडेल, किंवा डॉक्टरकडे चला म्हणेल, असं त्याला वाटलं. तिनं डब्याचं झाकण लावलं.

"रोज म्हणतात?"

"वर गेलो की."

"आणखी काय म्हणतात?"

"काही नाही. तेवढंच."

"तेवढंच?"

"हो."

"माझ्याबद्दल वगैरे काही?"

"नाही, वहिनी."

"हं," वहिनी म्हणाली. "बोलण्यात काटकसर पहिल्यापासूनच." आणि ती उठून मशीनवर जाऊन बसली. त्या दुपारी तिनं शिवलेली शिवण वाकडी आली. इतक्या वर्षांत कुणी तिची वाकडी शिवण बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं नवा नियम काढला. तिनं "धरला" म्हणायचंच नाही. दोर ताणून, वेढे देऊन झाले की ती "बसा" म्हणेल. "बसा ऐकलं की बसायचं. दुसरं कुणीही दुसरं काहीही म्हणालं, अगदी आकाशातून म्हणालं, तरी हात सोडायचे नाहीत. कळलं?"

"कळलं."

"मला दोन-दोन माणसं नाही उतरवायची."

नियम उत्तम होता. समितीला पाच बैठकांत सुचला नसता. धाकटा वर पोचे, मिठी मारी. खालून डावीकडून खाकरणं येई, "धरला" येई, आणि तो दात आवळून तसाच थांबे. हात सुटायला बघत, तो त्यांना सुटू देत नसे. मग वहिनीचा आवाज येई, "बसा." तो बसे. थोरल्याचा अपमान होतोय असं त्याला वाटे. खाली जाऊन समजूत काढावी असंही वाटे, पण खाली गेल्यावर तिथे कुणीच नसे.

उतरल्यावर वहिनी दोर गुंडाळतागुंडाळता सहज विचारल्यासारखं विचारी, "आज म्हणाले?"

"म्हणाला."

"कसे म्हणाले?"

"कसे म्हणजे? नेहमीसारखा."

"आवाज थकलेला वगैरे?"

"नाही. चांगला होता."

"खाकरले?"

"हो."

"सिगरेट सोडा म्हणून किती वर्षं सांगितलं," ती म्हणे, आणि तेवढ्यावर तिचा दिवस जाई.

काही दिवसांनी धाकट्याच्या लक्षात आलं, की "धरला" आणि "बसा" यांच्यामधलं अंतर वाढत चाललंय. आधी ते एका श्वासाचं होतं. मग दोन-तीन श्वासांचं झालं. पन्नाशीच्या पुढच्या माणसानं गार लोखंडी काठीला मिठी मारून पायऱ्यांच्या कडेवर चवडे टेकून उभं राहणं ही काही आरामाची गोष्ट नाही. खांदे भरून येत, बोटं बधिर होत, चष्मा घामानं नाकावरून घसरे आणि तो वर सारायला हात नसे. वहिनीला वेढे द्यायला एवढा वेळ लागत नव्हता. दोर ताणल्याचा करकर आवाज केव्हाच येऊन गेलेला असे. पुढे पुढे तर तो आवाजही उशिरा येऊ लागला.

तो काय ते समजला. ती खाली उभी राहून ऐकत होती.

यावर तिला बोलायचं कसं? वहिनी, लवकर म्हणा, हे म्हणणं सोपं होतं. पण त्या फटीत तिला काय हवं होतं ते त्याला माहीत होतं. आणि पहिली फट कुणाच्या वाट्याला गेली होती, तेही माहीत होतं. तिच्या नवऱ्याच्या आयुष्यातला शेवटचा मोकळा वेळ त्यानं पट्ट्यात बसून, छपरावरून भाषण करत वापरला होता. आता तिनं त्याच्या खांद्यांतला थोडा वेळ मागून घेतला तर त्यानं हिशेब विचारावा, हे त्याला शोभलं नसतं. तो रात्री खांद्यांना तेल चोळायचा आणि सकाळी चढायचा.

पांढऱ्या होडीची काठी गोदीत सगळ्यात उंच. मालकाला टोकावर नवा दिवा हवा होता, का ते त्यालाही सांगता आलं नाही. त्या दिवशी वारा होता, बंधाऱ्यावरून लाट आत येत होती. खाली होडी पाळण्यासारखी हलत होती आणि वर काठी आकाशात मोठमोठे वळसे काढत होती. धाकटा टोकाला पोचला. मिठी मारली. गाल लोखंडाला टेकवला.

खाकरणं आलं. "धरला!"

तो थांबला. काठी समुद्राकडे झुकली, धक्क्याकडे झुकली, पुन्हा समुद्राकडे झुकली. "बसा" आलं नाही. दोराची करकरही आली नाही. पट्ट्याला बांधलेला दोर त्याच्या मांडीवर फटफट आपटत होता. ढिला दोरच तसा आपटतो.

"वहिनी!" तो ओरडला. वाऱ्यानं तो शब्द दुसरीकडेच नेला.

डाव्या हाताची बोटं आधी गेली. म्हणजे होती जागेवर, पण आपली वाटेनात. आणि पुन्हा खालून तोच आवाज आला, या वेळी समजुतीचा, लहानपणी भिंतीवरून उडी मार म्हणताना असायचा तसा: "धरला." फार सोपं होतं. हात सोडायचे एवढंच. त्याला इतकी झोप आल्यासारखं झालं, की त्यानं डोळे मिटले.

मग त्यानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. मान वळवून खाली बघितलं.

खाली होडी पावाएवढी दिसत होती. वहिनी खुंट्यापाशी उभी होती. दोर खुंट्याला एकच वेढा घेऊन तिच्या हातात सैल पडला होता. ती वर बघत नव्हती. मान थोडी कलती करून, डावीकडच्या मोकळ्या फळ्यांकडे तोंड करून ती उभी होती; बाजारात ओळखीचं कुणी भेटल्यावर बायका उभ्या राहतात तशी. तिथे कुणी नव्हतं. ती मान हलवत होती.

"वहिनी! धरा!"

तिनं मोकळा हात वर केला, तळवा त्याच्याकडे. आणि तेवढ्यात वारा पडला असावा, कारण तिचा शब्द अन् शब्द त्याला वरपर्यंत ऐकू आला.

"थांबा, भावजी. ह्यांचं बोलणं होऊ दे."

तो थांबला. थांबला म्हणजे काय, कपाळ, गाल, हनुवटी, गुडघे, जे जे काठीला टेकवता येईल ते टेकवून चिकटून राहिला. कान टवकारले. त्याला दोराची फटफट ऐकू आली, शेजारच्या होडीवर कुठलीतरी साखळी वाजत होती ती ऐकू आली. थोरल्याचं काही ऐकू येईना. काठी समुद्राकडे झुकली, परत आली नाही असं वाटलं, मग आली. आणि त्या हिसक्यात त्याचे हात त्याला न विचारता सुटले.

तो पडला. माणूसभर उंचीइतकाच पडला, पण तेवढ्यात त्याला आपण बरंच काही मागे सोडल्यासारखं वाटलं. मग पट्ट्यानं मांड्या करकचून आवळल्या, काठीवर खांदा आदळला, चष्मा गेला, आणि तो लटकत राहिला. खालून वहिनीची किंकाळी आली. त्या किंकाळीत शब्द होता. "धरला!" ती ओरडली होती.

ती त्याला हात-हात सोडत खाली घेऊन आली. तो फळ्यांवर टेकला तेव्हा ती खुंट्याला टेकून बसली होती आणि दोन्ही तळवे उताणे मांडीवर ठेवले होते. सुटत चाललेला दोर तिनं नुसत्या हातांनी पकडला होता. तळव्यांची साल गेली होती, आतलं लाल दिसत होतं. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

धक्क्यावरून कप्तान पळत येत होता. टोपी हातात होती. "काय झालं? काय झालं? नियमाप्रमाणे चाललं होतं ना सगळं?"

"हो, साहेब," धाकटा म्हणाला. "चष्मा पडला फक्त."

कप्तान तळवे बघून पांढरा पडला आणि मलमपट्टीची पेटी आणायला पळाला. पेटीची किल्ली कुणाकडे असते, असं तो वाटेत भेटेल त्याला विचारत होता.

धाकटा वहिनीशेजारी बसला. हात त्यानं काखेत दाबले.

"ऐकू आलं तुम्हाला?" त्यानं विचारलं.

तिनं मान डोलावली.

"धरला म्हणाला?"

"नाही. ते कशाला म्हणतील मला?"

"मग?"

वहिनी समुद्राकडे बघत होती. तिचा चेहरा त्यानं इतक्या वर्षांत कधी बघितला नव्हता असा झाला होता. लग्नाच्या दिवशी बघितला असेल, पण तेव्हा तो सगळा वेळ खुर्च्या मोजत होता.

"वहिनी, काय म्हणाला दादा?"

"ते आमच्यातलं आहे, भावजी," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "तुम्हाला लागलं का फार?"

"नाही," धाकटा म्हणाला. खांदा कामातून गेला होता.

तळवे भरून येईपर्यंत वहिनीनं सुई धरली नाही, दोर तर नाहीच. धाकट्यानं नवा चष्मा केला आणि घराच्या छपरावर चढून ते स्वतःच दुरुस्त केलं. मग एका सकाळी ती हातमोजे घालून धक्क्यावर आली आणि दोघं पुन्हा पांढऱ्या होडीवर गेले, कारण दिवा तसाच राहिला होता.

तो वर पोचला. मिठी मारली. लगेच दोर ताणल्याची करकर आली, वेढे पडल्याचा आवाज आला, आणि श्वासभरही उशीर न करता वहिनीचा आवाज आला, "बसा!"

तो बसला नाही. गाल लोखंडाला टेकवून तो तसाच चिकटून राहिला. डाव्या बाजूला, खाली, नुसतं पाणी होडीच्या पोटाला लागत होतं; खाकरणं आलं नव्हतं. खांदा ठणकायला लागला. बोटं बधिर व्हायला लागली.

"बसा!" वहिनी पुन्हा म्हणाली. आणि मग खालून जोरात, "भावजी! बसा म्हणतेय ना! ऐकायला येत नाही का?"

येत होतं. तेवढंच येत होतं.